चिखलात रुतलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी : पट्टा बांधण्याआधी आणि नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे अडीच टन वजनाची, पार्ट-टाइम (गरजेपुरती चालकाने लावायची) फोर-व्हील ड्राइव्ह असलेली गाडी मऊ चिखलात पोटापर्यंत बसली. सोबतच्या गाडीने पट्टा बांधून तीन-चार हिसके दिले. त्यात रुतलेल्या गाडीचा पुढचा हूक वाकला, पण गाडी तसूभरही हलली नाही. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करायला हवे होते आणि यापुढे विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारे मोटरवरचे यंत्र) बसवून घ्यावी का, असे विचारले आहे.

वर्णनावरून असे दिसते की ओढणारी गाडी आणि पट्टा दोन्ही पुरेसे होते, परंतु ओढण्याआधी करायचे काम झालेच नव्हते. चिखलाने गाडीला तीन प्रकारे धरून ठेवलेले असते. चाक खाली गेले की त्याच्यापुढे चिखलाचा बांध तयार होतो आणि चाकाला तो बांध चढून किंवा ढकलून पुढे जावे लागते. त्याहून वाईट म्हणजे पोट टेकते: चॅसी, गिअरबॉक्सखालची पट्टी किंवा डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचा) गोळा जमिनीवर बसला की गाडीचे वजन चाकांवरून उतरून चिखलावर जाते. मग चाकांना पकड मिळण्याइतका भारच त्यांच्यावर उरत नाही. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे चोषण. चिकणमातीचा ओला थर गाडीच्या सपाट पोटाला हवाबंद चिकटतो आणि गाडी उचलली जाऊ लागली की खाली हवा शिरायला वाट नसल्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब तिला खाली धरून ठेवतो.

या तिन्हींची बेरीज किती होते, याचे सैन्याच्या रिकव्हरी (अडकलेली गाडी बाहेर काढण्याच्या) प्रशिक्षणात वापरले जाणारे एक ढोबळ मोजमाप आहे. गाडी चाकांच्या पातळीपर्यंत रुतली असेल तर तिला बाहेर काढण्यासाठी तिच्या भारासकट वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली असेल तर तिप्पट. म्हणजे अडीच टनांच्या गाडीसाठी हे आकडे अनुक्रमे अडीच, पाच आणि साडेसात टन असे येतात. बाजारात मिळणारी सर्वसाधारण विंच ९,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४,३०० किलोची असते, हे लक्षात घेतले तर पोट टेकलेली गाडी केवळ जोराच्या बळावर काढण्याचा विचार किती अंगाशी येऊ शकतो हे कळते. उलट अर्धा तास फावडे चालवले तर तोच पाच टनांचा विरोध दीड-दोन टनांवर येतो, आणि मग साधा पट्टाही पुरतो. ओढण्याचा जोर वाढवला की प्रत्येक शॅकल (पट्टा जोडायची पिन असलेली लोखंडी कडी), हूक आणि दोर यांवरचा ताण वाढतो; विरोध कमी केला की तो कमी होतो. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, बाकी सारे तपशील तिच्यातून निघतात.

चारही चाकांना ताकद मिळत असताना गाडी थांबतेच कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. साधा, म्हणजे लॉक नसलेला डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना सारखाच टॉर्क देतो. त्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की दुसऱ्या चाकालाही त्या मोकळ्या चाकाला लागतो तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, टॉर्क मिळतो. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जोडलेले असले तरी पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके निसटली की गाडी उभी राहते. ॲक्सलला डिफ-लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारा डिफरन्शियलचा लॉक) असेल तर तो रुतण्याआधी, मऊ जमिनीत शिरतानाच लावायचा असतो. चाक वेगाने फिरत असताना लॉक लावला तर त्याचे दात तुटू शकतात. ट्रॅक्शन कंट्रोल मोकळ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे टॉर्क वळवते, पण त्यासाठी ॲक्सिलरेटर दोन-तीन सेकंद स्थिर धरून ठेवावा लागतो, आणि बरेच चालक नेमके त्याच क्षणी पाय काढून घेतात. याउलट इंजिनाची ताकदच कमी करणारी स्थिरता-प्रणाली चिखलात अडथळा ठरते, म्हणून ती बंद करून आणि लो रेंज (ट्रान्सफर केसमधला कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) लावूनच शिरावे.

गाडी पुढे जायची थांबली त्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडणे ही पहिली आणि सर्वांत अवघड कृती असते. चाके जागेवर फिरत राहिली तर प्रत्येक फेऱ्यात खालची माती बाहेर फेकली जाते आणि पोट टेकण्याची वेळ जवळ येते. थांबल्यावर लगेच, चिखल चाकांभोवती बसण्याआधी, एकदा लो रेंजमध्ये रिव्हर्स लावून आलेल्या चाकोरीतूनच हळूच मागे जाऊन पाहावे. ती वाट चाकांनी आधीच दाबलेली असते. वर सांगितलेल्या मोजमापातही गाडी ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत ओढली तर विरोध सुमारे १० टक्के कमी धरतात. मागे जाताना पुढची चाके सरळ आहेत की नाहीत हे खिडकीतून डोके बाहेर काढून पाहावे. चिखलात स्टिअरिंग इतके हलके होते की चाके पूर्ण वळलेली असूनही हाताला ते कळत नाही, आणि वळलेली चाके नांगराच्या फाळासारखी आडवी घुसतात. सपाट चिखलात, गाडी पोटावर बसलेली नसेल तर, पुढे जाताना स्टिअरिंग थोडे डावीकडे-उजवीकडे हलवल्याने टायरच्या बाजूच्या कडांना नवी माती मिळते आणि काही वेळा तेवढ्यावर गाडी निघते.

दोन-तीन सौम्य प्रयत्नांत निघाली नाही तर इंजिन बंद करून उतरावे. पुढे-मागे हेलकावे देऊन काढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते आणि उथळ चिखलात ती चालतेही, पण चाके वेगाने फिरत असताना एक चाक अचानक कठीण जमिनीला किंवा दगडाला लागले की सगळा झटका चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंट, हाफ-शाफ्ट किंवा डिफरन्शियलच्या लहान गिअरवर येतो. ऑटोमॅटिक गाडीत सतत डी आणि आर यांत झुलवत राहिल्यास गिअरबॉक्सचे तेलही तापते. रुतलेली गाडी ही गैरसोय असते. रुतलेली आणि ॲक्सल तुटलेली गाडी हे संकट असते.

उतरल्यावर दोर शोधण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि गुडघ्यांवर बसून खाली पाहावे. कोणते चाक मोकळे फिरत होते, पोट कुठे टेकले आहे, डिफरन्शियल कोणत्या बाजूला आहे (बऱ्याच गाड्यांत पुढचा डिफरन्शियल मध्यावर नसून एका बाजूला असतो), मडगार्डखाली एखादा बुंधा किंवा दगड अडकला आहे का, हे सारे पाहूनच दिशा ठरते. पहार किंवा काठी चिखलात खुपसून कठीण थर किती खोल आहे हे तपासावे. वीतभर खाली घट्ट जमीन लागली तर काम सोपे आहे. हातभर खोल काहीच लागत नसेल तर फांद्या, फळ्या यांचा तराफा केल्याशिवाय चाकाला आधार मिळणार नाही. सायलेन्सरचे तोंड चिखलात बुडाले असेल तर आधी ते मोकळे करावे, कारण इंजिन चालू असताना धूर गाडीच्या खालून आतल्या बाजूला शिरू शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही. इंजिनाने हवेच्या मार्गातून पाणी ओढल्याची शंका असेल तर स्टार्टर मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रवासी आणि जड सामान उतरवणे ही फुकटची मदत आहे, तरीही आश्चर्य वाटेल इतक्या वेळा ती विसरली जाते.

आता खणण्याविषयी, कारण सगळे यश इथेच ठरते. पहिले खणणे ज्या दिशेने गाडी निघणार त्या बाजूला, प्रत्येक चाकापुढे करायचे असते. चाकाच्या तळापासून सुरू होऊन हळूहळू वर येणारा उतार करावा, आणि तो चाकाच्या व्यासाच्या दीडपट तरी लांब असावा. चाकापुढे फक्त एक उभा खड्डा केला तर त्याची कड पुन्हा भिंतच ठरते. काढलेली माती चाकोरीच्या बाजूला ढीग करून ठेवू नये, कारण ओला ढीग घसरून परत आत येतो. ती चार पावले लांब टाकावी. त्यानंतर पोटाखाली जावे. लांब दांड्याचे फावडे येथे चालत नाही, आडवे झोपून वापरता येईल असे आखूड दांड्याचे फावडे किंवा नुसते हात उपयोगी पडतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. डिफरन्शियल आणि चॅसीच्या आडव्या पट्ट्या यांच्या पुढची माती काढली की गाडीला सरकायला वाट मिळते. शेवटी दोन्ही बाजूंनी पोटाखाली आरपार एक चर खणावा किंवा काठीने भोके पाडावीत, म्हणजे हवा आत शिरून चोषण सुटते. पाणी साचले असेल तर उताराच्या दिशेने छोटी नाली काढून ते आधी वाहून जाऊ द्यावे, कारण पाण्यात खणलेली माती लगेच परत भरून येते.

टायरमधली हवा कमी करण्याबद्दल मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. चिखल उथळ आणि खाली कठीण तळ असेल तर अरुंद, पूर्ण हवा भरलेला टायर चिखल कापून तळाला लागतो. खोल, तळ नसलेल्या चिखलात मात्र हवा कमी केलेला टायर जमिनीवर जास्त लांब टेकतो, भार पसरतो आणि टायरच्या खाचा लवचिक होऊन त्यांतली माती सुटायला मदत होते. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असलेला दाब अशा ठिकाणी १८ ते २२ पर्यंत आणणे माझ्या अनुभवात सुरक्षित ठरते; १५ च्या खाली गेल्यास, विशेषतः वळलेल्या चाकावर बाजूचा ताण आला की, टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो. ही कृती शिरण्याआधी केलेली सर्वांत चांगली, पण खणून व्हॉल्व्ह मोकळा झाल्यावरही केली तरी फरक पडतो. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत वेग आणि वळणे दोन्ही मर्यादेत ठेवावीत. जवळ कंप्रेसर नसेल तर हवा सोडण्याचा निर्णय दोनदा विचार करून घ्यावा.

खणलेल्या उतारावर पकड देण्यासाठी प्लॅस्टिकचे ट्रॅक्शन बोर्ड, फळ्या, चपटे दगड किंवा बोटभर जाडीच्या फांद्या यांपैकी जे असेल ते चाकाखाली जितके आत सारता येईल तितके सारावे. बोर्डवर चाक जागेवर फिरले तर घर्षणाच्या उष्णतेने त्याचे दात वितळतात, म्हणून लो रेंजच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश चढावे. बोर्डमागे कोणीही उभे राहू नये, कारण चाक निसटले तर तो मागे फेकला जातो. चाक उचलून त्याखाली भर घालणे हा खात्रीचा पण संथ मार्ग आहे. उंच लिव्हर-जॅक मऊ जमिनीत स्वतःच रुततो, म्हणून त्याखाली रुंद फळी हवीच. शिवाय बंपर उचलल्यावर आधी सस्पेन्शन लांबते आणि चाक आहे तिथेच राहते, त्यामुळे चाकालाच धरून उचलणारा पट्टा किंवा हूक असलेले उपकरण जास्त उपयोगी पडते. या जॅकचा दांडा सुटून वर उसळतो आणि जबडा फोडू शकतो, म्हणून उचलताना आणि उतरवताना डोके त्याच्या रेषेत आणू नये आणि दांडा नेहमी वर लावूनच सोडावा.

एवढे सगळे झाल्यावर ओढण्याकडे वळू, आणि येथे तुमच्या वाकलेल्या हुकाचा खुलासा होतो. गाडीला कारखान्यातून जे डोळे किंवा हूक असतात ते बहुतेक वेळा जहाजावर किंवा ट्रकवर बांधण्यासाठी, फार तर रस्त्यावर सावकाश टोचन करण्यासाठी असतात. हिसक्याचा भार सोसण्यासाठी चॅसीला उच्च ताकदीच्या बोल्टांनी जोडलेला, भारक्षमता कोरलेला रिकव्हरी पॉइंट लागतो. ट्रेलरचा टो-बॉल तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्याचा दांडा मोडला की तो गोळा पट्ट्याच्या ताणाने गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून माणसाला लागतो, आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. मागे टो-बार असेल तर त्याच्या चौकोनी पोकळीत बसणारा शॅकल-ब्लॉक लावून ओढणे योग्य ठरते.

ताणणारा नायलॉनचा पट्टा, ज्याला स्नॅच-स्ट्रॅप किंवा जाड स्वरूपात कायनेटिक रोप म्हणतात, तो ओढणाऱ्या गाडीची गती स्वतःत साठवतो आणि ती ऊर्जा रुतलेल्या गाडीला सावकाश देतो. त्याचे थोडे गणित मांडणे उपयोगी आहे. नऊ मीटरचा आणि आठ टनांना तुटणारा पट्टा, तुटताना २० टक्के ताणतो आणि ताण सरळ प्रमाणात वाढतो असे धरले, आणि रुतलेली गाडी अजिबात हलली नाही असे मानले, तर अडीच टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पट्ट्याच्या टोकाला आली असता त्यावर जवळपास तीन टनांचा ताण येतो. वेग २० केला तर ऊर्जा चौपट होते आणि ताण सहा टनांवर जातो. प्रत्यक्षात ओढणारे इंजिनही जोर लावत असते, म्हणून हा आकडा अजून वाढतो. हाच पट्टा न ताणणाऱ्या पॉलिएस्टरचा किंवा साखळी असती तर त्याच वेगाला ताण बराच जास्त आला असता, आणि म्हणूनच साखळीने हिसका देणे म्हणजे काहीतरी तुटेपर्यंत वाट पाहणे होय. तुमच्या गाडीचे पोट टेकलेले असताना चार हिसके दिले गेले, तेव्हा विरोध पाच टनांच्या घरात होता. त्यात हूक नुसताच वाकला आणि तुटून उडाला नाही, हे नशीब समजावे.

पट्ट्याची तुटण्याची ताकद दोन्ही गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भारासकट वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फार जाड पट्टा ताणतच नाही आणि हिसका सरळ चॅसीला बसतो, तर फार बारीक पट्टा तुटतो. भिजलेल्या नायलॉनची ताकद कोरड्याहून कमी असते आणि सलग ओढींमुळे पट्टा तापून त्याची ताणण्याची क्षमता उरत नाही, म्हणून दोन ओढींमध्ये त्याला काही मिनिटे मोकळे पडू द्यावे. दोन पट्टे जोडायचे असतील तर लोखंडी शॅकलने कधीच जोडू नयेत. एकाच्या फासातून दुसरा ओवून मध्ये कापडाची किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी ठेवावी, म्हणजे गाठ घट्ट बसत नाही आणि पट्टा तुटला तर हवेत लोखंड उडत नाही. शॅकलची खूण तुटण्याची नसून कामाच्या भाराची असते, ३.२५ आणि ४.७५ टनांचे शॅकल या कामाला सामान्यतः वापरतात. त्याची पिन हाताने घट्ट करून पाव फेरा मागे घ्यावी, नाहीतर भार आल्यावर ती अडकून बसते आणि काढता येत नाही. दोन्ही चॅसी-दांड्यांवर भार वाटण्यासाठी लहान पट्ट्याने त्रिकोण करावा. त्याच्या दोन भुजांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक भुजेवर ५८ टक्के भार येतो, १२० अंश झाला तर प्रत्येकीवर पूर्ण १०० टक्के, म्हणजे त्रिकोण करण्याचा फायदाच राहत नाही. त्यामुळे भुजा लांब आणि कोन अरुंद ठेवावा.

ओढण्याची कृती स्वतः साधी आहे. दोन्ही गाड्या शक्य तितक्या एका रेषेत याव्यात आणि ओढणारी गाडी घट्ट जमिनीवर असावी, नाहीतर दोन रुतलेल्या गाड्या काढाव्या लागतात. पट्ट्यात दोन-तीन मीटरची ढील ठेवावी. दोन चालकांखेरीज सर्व माणसे ताणलेल्या दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर, आणि दोराच्या रेषेत मुळीच नसतील अशी, बाजूला उभी करावीत. दोरावर जाड कांबळे किंवा जड कापड टाकावे, म्हणजे तुटला तर तो खाली पडतो. इशारे देणारा माणूस एकच असावा. वॉकीटॉकी असेल तर उत्तम, नाहीतर हाताच्या खुणा आधी ठरवाव्यात, कारण गडबडीत हॉर्नचे अर्थ दोघे वेगळे लावतात. ओढणाऱ्याने लो रेंजमध्ये सुरुवात करून ताशी आठ-दहा किलोमीटरच्या पुढे न जाता पट्टा ताणू द्यावा, आणि पट्टा ताणला गेला त्या क्षणी रुतलेल्या चालकाने दुसऱ्या गिअरमध्ये चाके हळू फिरवावीत, ज्यामुळे ती बांध चढायला मदत करतात. पहिली ओढ मुद्दाम सौम्य द्यावी. गाडी एक-दोन फूट हलली तर पुन्हा तेच, किंचित जास्त वेगाने करावे; तीन ओढींत काहीच हालचाल झाली नाही तर थांबून परत फावडे हाती घ्यावे. वेग वाढवत राहणे हा त्यावरचा उपाय नाही.

ट्रॅक्टर किंवा खोदयंत्र मिळाले तर लोकांना हायसे वाटते, पण त्याचा चालक थांबतो तेव्हा तुमचा बंपर आधीच त्याच्या मागे आलेला असतो. अशा यंत्राला हिसक्याची गरज नसते. न ताणणारा लांब पट्टा किंवा मजबूत दोर, ढील नाही, आणि चालत्या माणसाच्या वेगाने अखंड ओढ, असे आधीच स्पष्ट सांगावे. सावकाश ओढीचा दुसरा फायदा असा की पोटाखाली हवा शिरायला वेळ मिळतो आणि चोषण आपोआप सुटते.

विंचचा खरा गुण हाच संथपणा आहे, आणि एकट्याने फिरणाऱ्याला ती जवळ असणे नक्कीच उपयोगी आहे. पण छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते; प्रत्येक वरच्या थराला ती दहा-पंधरा टक्क्यांनी घटते आणि चौथ्या थरावर सुमारे दोन-तृतीयांश उरते. म्हणून दोर शक्य तितका बाहेर काढून ओढावे, पण ड्रमवर लोखंडी दोराचे किमान पाच आणि सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत. कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा होतो. मात्र ज्या झाडाला कप्पी बांधली आहे त्याच्यावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, म्हणून जिवंत आणि जाड झाड निवडून रुंद पट्टा बुंध्याला अगदी खाली बांधावा. झाडच नसेल तर सुटा टायर आडव्या खंदकात पुरून त्याला दोर बांधता येतो, आणि घट्ट मातीत तो आश्चर्यकारकरीत्या टिकतो. पूर्ण भाराला विंच ४०० अँपिअरच्या आसपास विजेची मागणी करते; इंजिन चालू ठेवून थोडे थोडे ओढावे आणि मधे मोटर थंड होऊ द्यावी. हाताळताना हातमोजे घालावेत आणि ड्रम फिरत असताना दोराला हात लावू नये.

माझा सल्ला असा की विंचचा खर्च करण्याआधी पुढे-मागे खरे रिकव्हरी पॉइंट, प्रेशर गेज आणि कंप्रेसर, एक चांगले फावडे, दोन ट्रॅक्शन बोर्ड आणि योग्य ताकदीचा पट्टा घ्यावा. एकट्याने फिरत असाल तरच विंचचा नंबर त्यानंतर लागतो, नाहीतर मागच्या डिफरन्शियलला लॉक बसवणे जास्त फायद्याचे पडते. विंच पुढे बसते आणि गाडीला बहुधा मागेच काढायचे असते, हे तिचे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

गाडी बाहेर आली की काम संपले असे समजून लोक हायवेला लागतात आणि थोड्याच वेळात स्टिअरिंग थरथरू लागते. हा बहुधा तुटका भाग नसून रिमच्या आत वाळलेला चिखल असतो, आणि तो काढला की थरथर थांबते. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या जाळीतला चिखल लगेच, पण हलक्या दाबाच्या पाण्याने आणि इंजिन थंड झाल्यावर धुवावा. ब्रेक पॅड आणि डिस्क यांमध्ये वाळू राहिली तर डिस्कवर रेघा पडतात, म्हणून चाके काढून धुणे आणि नंतर सावकाश काही ब्रेक मारून पाहणे योग्य असते. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसची हवा बाहेर सोडणारी नळी चिखलाखाली गेली असेल तर थंड होताना तेलाच्या भांड्यात पाणी ओढले जाते. प्लग उघडून तेल पाहावे आणि ते दुधाळ दिसले तर ते बदलावे. त्याच दिवशी पट्टा साध्या साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा, कारण तंतूंमध्ये राहिलेली वाळू पुढच्या प्रत्येक ताणात त्यांना आतून कापत जाते. वाळल्यावर दोन्ही फास आणि शिवण बोटांनी चाचपून, कापलेले, वितळलेले किंवा कडक झालेले काही हाताला लागले तर तो पट्टा ओढण्याच्या कामातून बाद करावा आणि कोणी चुकून उचलू नये म्हणून मधोमध कापून टाकावा.